पहिलीच्या जागी दुसरी

“आवाज वाढव की रं, मूकपट हाय व्हय ह्यो?” तानाबाई खाटेवरून कुरकुरल्या. टीव्हीवर महिलांचा फुटबॉल आशिया कप चालला होता आणि त्यांची नात संयोगिता पहिल्यांदाच भारताच्या गोलपोस्टमध्ये उभी होती. नेहमीच्या गोलकीपरचं बोट काल सरावात मोडलं होतं. त्यावर घरात कुणी बोललं नव्हतं. बाप रणजित पेठभर मॅचचं आमंत्रण देत सुटला होता. आई वंदनानं अंबाबाईपुढं दिवा लावला होता. कशाबद्दल, ते कुणी विचारलं नव्हतं.

मॅच बरोबरीत सुटली. रात्री संयोगिताचा फोन आला.

“आई, ग्लोव्हज तिनंच घातलं माझ्या हातात. एका हातानं.”

“जेवलीस का?” रणजितनं मध्येच विचारलं.

वंदनानं फोन जवळ ओढला. “तिचं बोट मोडलं कळल्यावर आमाला आनंद झालता, बाळा. सगळ्यांना.”