इकिपाचं थडगं

आपलंच थडगं बघायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. इकिपावर ती आली, तीसुद्धा भर दुपारी, काखेत आत्यासाठी आणलेला बिस्किटांचा डबा असताना.

एकतीस वर्षांनी तो प्रशांत महासागरातल्या नियुए बेटावर, आपल्या गावी आला होता. विमानतळावर घ्यायला आतेभाऊ हेकाउ आला. एरवी फोनवर त्याची टकळी थांबायची नाही, पण आज तो मूग गिळून गाडी हाकत होता. इकिपाच्या आईबापाच्या जागेवर हेकाउला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायच्या होत्या आणि कागदावर इकिपाची सही हवी होती. सही ठोकायची, चार दिवस नारळखेकडे हाणायचे आणि मंगळवारच्या विमानानं ऑकलंडला परत, एवढाच इकिपाचा बेत होता.

गाडी थांबवताना हेकाउ चाचरत म्हणाला, "दादा, उतरायच्या आधी एक सांगायचं होतं."

"जेवताना सांग," म्हणत इकिपा उतरलाही. कुठलीही गोष्ट पुढं ढकलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

आईबापाच्या घराचं छप्पर मागंच वादळानं नेलं होतं. समोर रस्त्यालगत आईचं थडगं होतं आणि त्यावर, मेलेल्याची आवडती वस्तू ठेवायच्या तिथल्या रीतीप्रमाणं ठेवलेलं तिचं शिलाई मशीन गंजून लाल झालं होतं. इकिपानं टोपी काढली, टकलावरचा घाम पुसला आणि डोळे मिटून प्रार्थना म्हटली. डोळे उघडले तेव्हा त्याला शेजारचा दुसरा पांढरा चौथरा दिसला.

चौथऱ्यावर पोराच्या मापाचे रग्बीचे बूट होते. एका बुटाची नाडी निळी, दुसऱ्याची पांढरी. ही निळी नाडी आपणच ओवली होती, हे त्याला आधी आठवलं. नाव त्यानं नंतर वाचलं.

इकिपा. खाली त्याच्याच जन्माचं साल. आणि पुढं मरणाचंही, नऊ वर्षांपूर्वीचं.

त्यानं आकड्यांवरून बोट फिरवलं, जणू पुसले जातील. मग तो टेकायला गेला आणि आपण आपल्याच थडग्यावर बसतोय हे ध्यानात येताच चटका बसल्यासारखा उठला.

"हे... हे कुणाचं?"

"तुझंच की," हेकाउ जमिनीकडं बघत म्हणाला.

"अरे, मी जिवंत आहे!"

"ते दिसतंय रे दादा. पण फोनवर माणसाला कसं सांगायचं, की बाबा, तू मेलायस म्हणून?" मग हेकाउनं एका दमात सगळं सांगून टाकलं. थडग्यावर कुणी खोली बांधत नाही, गाव बांधूही देत नाही. मामीचं थडगं कडेला आहे, ते राहू दे. इकिपाचं मात्र नेमकं आड येतंय. "तू स्वतःच उचल म्हणालास, तर कोण काय बोलणार? पहार आणलीय मी."

आता इकिपाचा पारा चढला. "कुणी केला हा चावटपणा?"

"मी!" शेजारच्या घरातून आवाज आला आणि पाठोपाठ काठी टेकत फोलिया आत्या आली. ऐंशी पार केलेली, तरी आवाज देवळातल्या घंटेसारखा खणखणीत. "आलास? नऊ वर्षं उशीर केलास. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझी मेल्यावरही गेली नाही बघ."

"आत्या, जिवंत माणसाचं रिकामं थडगं बांधतात का कुठं?"

"रिकामं कोण म्हणतं?" आत्यानं काठी चौथऱ्यावर आपटली. "माणसाच्या मापाचा खड्डा खणलाय. वीतभर मातीखाली सगळा प्रवाळाचा खडक. या हेकाउसकट चौघांना दोन दिवस लागले. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. आत तुझे केस आहेत."

इकिपाचा हात आपल्या टकलाकडं गेला.

तेरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या केसांना कात्री लागली नव्हती. मग एक दिवस आईनं कमरेपर्यंतच्या केसांच्या बटा पाडून एकेकीला रिबीन बांधली, सारं गणगोत जमलं आणि एकेकानं एकेक बट कापली. आपल्याकडं जावळ काढतात तसंच, फक्त पोरगं हे सगळं आठवण्याएवढं मोठं. त्या बटा आईनं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या.

"जाताना तिनं डबा माझ्या हातात दिला," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "म्हणाली, तो आला तर त्याला दे. नाही आला तर माझ्या शेजारी पुर. शुक्रवारच्या विमानापर्यंत ठेवली आम्ही तिला. सगळं गाव विमानतळावर. शेवटचा माणूस उतरला, पायलट उतरला, तरी मी उभीच!"

त्या शुक्रवारी इकिपा ऑकलंडच्या विमानतळापर्यंत गेला होता. रांगेतल्या लोकांजवळ गावासाठी घेतलेली खोकीच्या खोकी होती आणि याच्याजवळ एक पिशवी. बावीस वर्षांनी हात हलवत गावात कसं शिरायचं, या लाजेनं तो माघारी फिरला. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

हेकाउनं पहार पुढं केली. "दादा, मग उचलायचं ना?"

इकिपानं पहार घेतली. चौथऱ्याच्या कोपऱ्याला टेकवली.

"काढ," आत्या म्हणाली. "तुझे केस, तुझा हक्क. पण मग तिच्याशेजारी कोण?"

इकिपानं पहार हेकाउला परत दिली. खिशातला जागेचा कागद काढून तोही दिला, बिनसहीचाच.

"सही, दादा?"

"मेलेल्या माणसाची सही चालते होय रे?" म्हणेपर्यंत इकिपाचा बांध फुटला. बावन्न वर्षांचा तो गडी आईच्या आणि आपल्या थडग्याच्या मधल्या हातभर जागेत बसून, बिस्किटांचा डबा पोटाशी धरून, पोरासारखा रडला.

आत्या बघत राहिली. मग तिनं त्याच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला.

"पुरले तेच बरं झालं," ती म्हणाली. "तुझ्याजवळ असते, तर तेही घालवले असतेस."