व्हर्नेलच्या हातची चव

“ते खरबूज नाकाला लावून किती वेळ उभी राहणारेस? लोकांना वाटेल, पापा घेतेय त्याचा,” लेम बायकोला म्हणाला.

“घेईन, नाहीतर काय. तू तरी कुठे घेऊ देतोस हल्ली,” व्हर्नेल म्हणाली आणि तिने ते खरबूज देठाकडून पुन्हा एकदा हुंगलं.

काहीच नाही. हिवाळ्यात मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून नाकात कुणी बोळा कोंबून ठेवल्यासारखं झालं होतं. नाकापाठोपाठ जीभही गेली. तोंडात घातलेलं सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागे. मीठ भरपूर असलं तर तेवढं कुठेतरी लांबून जाणवे, इतकंच. डॉक्टर म्हणाले होते, येईल परत. उन्हाळा आला, पण चव काही आली नाही.

डॉक्टरांखेरीज तिने हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? इस्पितळाच्या धुलाईघरात तिने उभा जन्म चादरींच्या घड्या घातल्या, पण त्या कुणाच्या लक्षात असणार! अलाबामा नदीकाठच्या त्या लहानशा गावात व्हर्नेल गेन्सला लोक ओळखत ते तिच्या जिभेवरून. मक्याच्या पावाचा एक तुकडा तोंडात टाकून तो कुणाच्या भट्टीतला हे ती सांगे, वर ताक कालचं होतं असंही सांगे, आणि ती बाई कबूल करी. मूलबाळ झालं नाही. शुक्रवारी सकाळी बाजार, दुपारी मर्टिसच्या खानावळीत मासे, रविवारी चर्चहून आल्यावर जेवायला कुणी ना कुणी हक्काचं. आयुष्य एवढंच होतं आणि तिला ते पुरून उरलं होतं.

“गोड निघेल,” असं म्हणून तिने खरबूज ढकलगाडीत ठेवलं आणि ती कोलार्डच्या पाल्याकडे वळली. पाल्याचं बरं होतं, तो डोळ्यांनी निवडता येई. दोन जाड जुड्या घेऊन ती परतली तेव्हा गाडीतलं खरबूज जरा लहान वाटलं.

“बदललंस का रे?”

“मी कशाला बदलू? मला काय कळतंय त्यातलं?” लेम म्हणाला.

मांसाच्या काउंटरमागे ड्वाइट हात पुसत उभा होता. “या मिस व्हर्नेल! काय देऊ, धुरावलेली हाडं ना? परवा तुमच्याकडे चवळी शिजत होती. आमच्या घरापर्यंत वास. बायको मला म्हणते, आपल्याकडे असा वास का येत नाही?”

“मग? काय सांगितलंस?”

“मी वेडाय का सांगायला? जेवायचं असतं मला घरी.”

व्हर्नेल मनापासून हसली. मीठ लावून धुरी दिलेली, डुकराच्या पायांची दोन मांसल हाडं ड्वाइटने कागदात गुंडाळून दिली. लेम गाडीच्या दांड्यावर भार टाकून उभा होता. त्याच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या तिला दिसल्या.

“नाड्या बांध, पडशील.”

“नवे मोजे जाड आहेत गं. बूट चावतात,” लेम म्हणाला.

मर्टिसची खानावळ पुलाशेजारी होती. दुपारी तिथे बसायला जागा मिळत नसे, पण खिडकीजवळचं टेबल शुक्रवारी या दोघांसाठी मोकळं राही. शॉनी नावाची वाढणारी मुलगी न विचारताच ताटं घेऊन आली. तळलेले कॅटफिश, मक्याच्या पिठाची गरम भजी, कोबीची कोशिंबीर, आणि बर्फ घातलेला गोड चहा.

व्हर्नेलने माशाचा तुकडा मोडला. वरचं कवच करकरीत वाजलं, आतून वाफ आली. डोळ्यांना सगळं जिथल्या तिथे होतं. तिने तुकडा तोंडात घातला आणि तिला एकदम रडूच कोसळेल असं वाटलं. रडू आवरायला माणूस रागावतो, तशी ती रागावली.

“शॉनी, हे काय आहे? याला मीठ नाही, मसाला नाही. मर्टिस आत झोपलीये का?”

शॉनीचा चेहरा उतरला. “आज मीच लावलं होतं पीठ, मॅम.”

“मग शिकून घे आधी.”

शेजारच्या टेबलांवरची बोलणी थांबली. आतून मर्टिस एप्रनला हात पुसत बाहेर आली. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. “काय झालं गं व्हर्नेल? मी स्वतः चाखलाय तो मासा.”

“लेमला विचार.”

लेमने तोंडातला घास सावकाश गिळला. त्याने मर्टिसकडे पाहिलं, मग ताटाकडे. “आहे जरा अळणी,” तो म्हणाला, आणि मीठदाणी उचलून त्याने आपल्या माशावर मीठ भुरभुरलं. मग थोडं आणखी.

मर्टिस त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली, की व्हर्नेललाच कानकोंडं झालं. त्यानंतर लेमने पाणी मागितलं, आणि पुन्हा मागितलं.

लेमचं हृदय कमजोर होतं. मीठ कमी करा असं त्याला केव्हाच बजावलेलं होतं, आणि व्हर्नेल ते पाळत होती, म्हणजे पाळते आहे असं तिला वाटत होतं. पूर्वी हात आपोआप थांबे. आता तो थांबेना. चवळी उकळत असताना ती पळीभर रस चाखे, काही लागत नसे, आणि मनात येई, इतकी अळणी कशी खाईल तो? मग एक चिमूट. पुन्हा चाखणं, पुन्हा चिमूट. शेवटी लांबून कुठूनतरी चव आल्यासारखी वाटली की तिचा जीव भांड्यात पडे. लेम जेवायला बसे, मक्याचा पाव रसात बुडवी आणि पहिल्या घासाला मान डोलावी.

“जमलीये?”

“तुझी कधी फसलीये?”

आणि तो दुसऱ्यांदा वाढून घेई.

जुलैतल्या एका सकाळी ती उठली तर तो व्हरांड्यातल्या खुर्चीत पुढे वाकून बसला होता. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणाला. पाय घोट्यापासून भोपळ्यासारखे सुजले होते. बोटाने दाबलं तर खळगा पडून तसाच राही.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. “हे जेवतात काय?”

“घरचंच. मी करते.”

“मीठ?”

“अगदी कमी. शपथेवर सांगते.”

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मग बाहेरचं खात असतील,” त्या म्हणाल्या. व्हर्नेलने तेच धरून ठेवलं. बाहेर जाऊन ती बाकावर बसली, तेवढ्यात मर्टिस आली, आणि व्हर्नेल तिच्यावर उसळली.

“माझ्या माघारी तू काय खायला घालत होतीस त्याला?”

मर्टिस तिच्याजवळ बसली. तिने पर्स उघडली, बंद केली.

“मला बोलू नकोस म्हणाला होता तो,” ती म्हणाली. “वसंतात एकदा चवळीचा डबा घेऊन आला. तुझ्या हातची. म्हणाला, मर्टिस, चाखून बघ, मलाच तसं लागतंय का. व्हर्नेल, मला तो घास गिळवला नाही गं. खारट जहर. मी म्हटलं, अरे, सांग तिला. तर म्हणाला, हिला वाटतंय मला माहीत नाही. कळलं तर ही चुलीसमोर उभी राहायची नाही. मग हिच्याकडे उरलं काय?”

व्हर्नेल उठली आणि लेमच्या खोलीकडे निघाली.

“मी सांगायला हवं होतं,” मर्टिस म्हणाली. “त्या दिवशी माशावर मीठ घालून घेतलं त्याने, तेव्हाच सांगायला हवं होतं.”

खोलीत लेम उशांना टेकून बसला होता. नाकात नळी. समोर ताटात पांढरट काहीतरी होतं.

“तुला कधी कळलं?” दारातूनच तिने विचारलं.

त्याने नाटक केलं नाही. “तू व्हरांड्यात उभी होतीस. म्हणालीस, आज कागदाचा कारखाना बंद दिसतोय. आणि बाहेर कारखान्याची, नासक्या अंड्यांसारखी अशी दुर्गंधी, की शेजारीपाजारी खिडक्या लावत सुटले होते. मी तिथे निम्मं आयुष्य राबलोय, मला कळणार नाही?”

“आणि खरबूज?”

“सडलं होतं एका बाजूने.”

ती खुर्चीत बसली. “का खाल्लंस रे? एवढं का खाल्लंस?”

“तू केलं होतंस.”

“मी मारलं ना तुला.”

“मेलो कुठे अजून? आणि हृदय आधीच फुटकं होतं, त्याचं सगळं श्रेय तू घेऊ नकोस.” त्याला धाप लागली. मग तो ताटाकडे बघून म्हणाला, “हे खाऊन बघ. कशालाच चव नाही. काल घास घेतला आणि म्हटलं, ही बिचारी हिवाळ्यापासून हे असं जेवतेय.”

तेव्हा ती रडली. त्याने तिचा हात धरून ठेवला.

तो घरी आला, पण पहिल्यासारखा झाला नाही. मीठ पूर्ण बंद. व्हर्नेलने धुरावलेली हाडं आणणं सोडलं. ती चवळी नुसत्या कांद्यावर शिजवी, पालाही नुसता पाण्यात. दुपारी दोघं समोरासमोर बसत. आता दोघांच्या ताटात एकच बेचव अन्न होतं आणि त्याबद्दल कुणाला खोटं बोलायचं नव्हतं. ते दिवस वाईट होते, आणि तरीही, नंतर तिला वाटे, हिवाळ्यापासूनचे तेवढेच दिवस ती त्याच्याबरोबर जेवली.

ऑक्टोबरमध्ये, दुपारी डुलकी लागलेली असताना, लेम गेला.

मातीनंतर चर्चच्या मागच्या दालनात जेवण होतं. बायकांनी रीतीप्रमाणे आपापल्या घरून भांडी आणली होती. व्हर्नेलला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, पण ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे लेमची बहीण अर्मा ड्रेसिंगच्या मोठ्या परातीपाशी उभी होती. मक्याचा पाव कुस्करून, कोंबडीच्या रश्श्यात भिजवून ते भाजायचं. या स्वयंपाकघरातून ड्रेसिंग कधी व्हर्नेलने चाखल्यावाचून बाहेर गेलं नव्हतं. लग्न असो, माती असो. अर्माने सवयीने चमचा भरला आणि खाली हात धरून तिच्या तोंडाशी आणला.

“बघ गं, बरोबर आहे का.”

बाकीच्या बायका हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत होत्या. दाराशी मर्टिस होती. तिने नजर खाली घातली.

“मला नाही कळत,” व्हर्नेल म्हणाली.

“आज कसं कळेल, खरंय,” कुणीतरी हळूच म्हणालं.

“आजचं नाही. मला चव लागत नाही. गेल्या हिवाळ्यापासून. वासही येत नाही.” आवाज कापत नव्हता. “लेमला माहीत होतं. तू चाख, अर्मा.”

चमचा तसाच अधांतरी राहिला. मग अर्माने तो आपल्या तोंडात घातला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तिने घास नीट घोळवला, गिळला, विचार केला.

“थोडं मीठ हवंय,” ती म्हणाली.

व्हर्नेलने फळीवरची बरणी काढून तिच्यापुढे ठेवली. मग खुंटीवरचा एप्रन घेऊन काळ्या पोशाखावर बांधला, थाळ्यांची चळत पोटाशी धरली आणि टेबलं मांडायला ती बाहेर गेली.