रुमालाखालचा चेहरा

"हिरवो नको, निळो नको, हाडासारखो पांढरो पण नको," असं म्हणत दत्तप्रसादने मोबाइल मेजावर उपडा टाकला. "आता मेलेल्या माणसाक आणखी खंयचो रंग देवचो?"

मेजाभोवतीच्या बायकांपैकी कुणी मान वर केली नाही. नखाएवढ्या कवटीत ब्रशने दात काढताना मान वर केली, तर दात गालावर येतात.

डिचोलीच्या बसस्टँडमागे दत्तप्रसादच्या वडिलांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, गावोगावचे ट्रक अंगणात गंजत उभे राहिले, तसं दुकानही बसलं. मग त्याच दुकानाच्या माळ्यावर दत्तप्रसादने हे काम सुरू केलं. थंड देशातले मोठमोठे दाढीवाले बापये मेजावर सैन्यं मांडतात, फासे टाकतात आणि एकमेकांची माणसं मारतात. माणसं कसली, बोटभर उंचीची भुतं, राक्षस, सडलेले राजे. ती करडी, बिनरंगाची येतात आणि रंगवून परत जातात. "त्यांका घरात कामां नसतली," असं या मेजावर काम करणाऱ्या सुमंगलाची शेजारीण म्हणाली होती. सुमंगलालाही याहून वेगळं काही वाटलं नव्हतं. पण काम बसून होतं, डोक्यावर पंखा होता आणि तिच्या गावाहून, सुर्ल्याहून येणारी बस दारात थांबत होती.

या खेपेला आली होती जमिनीतून वर आलेल्या मेलेल्यांची फौज. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या खांद्यावर साखळदंड, सगळ्यांची तोंडं आ वासलेली. गिऱ्हाइकाला रंगसंगती अशी हवी होती, की दुसऱ्या कुणाच्या मेजावर दिसता कामा नये. दत्तप्रसादने नमुने करून त्यांचे फोटो पाठवले आणि गिऱ्हाइकाने एकामागून एक नाकारले. असं मोठं काम पुन्हा कधी येणार, याची धास्ती त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"सुमंगलावयनी, एक तुमी करून बघा."

"मी? माका काय कळता त्यातला? तुमी सांगा, मी लावतंय."

"सांगणारो थकलो आता. तुमका बरो दिसात तो लावा."

सुमंगलाने तो मेलेला माणूस बाटलीच्या बुचावर चिकटवला आणि त्याच्याकडे नुसतीच बघत बसली. पन्नाशी उलटून गेली होती, पण रंग निवडायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. माहेरी पेडण्याला मामाची गणपतीच्या मूर्तींची चित्रशाळा होती. तिथे ती लहानपणापासून पीतांबराचा रंग भरायची. पण कुठला पिवळा ते मामा सांगायचा. लग्न होऊन सुर्ल्याला आली, तर सासूने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, पांढरी साडी घेऊ नको, फिकी साडी घेऊ नको, इथे सगळं लाल होतं. आणि होतंही तसंच. खनिजाचे ट्रक दारावरून जायचे ते रांगेने, एकाच्या मागे एक. दोरीवरचे कपडे लाल, आंब्याची पानं लाल, पिठाच्या डब्याचं झाकण लाल. त्या गावात रंग निवडायची कुणाला गरजच नव्हती.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने दिवा लावला, चहा ठेवला आणि जनेल लावायला गेली. खिडकीच्या चौकटीतल्या खाचेत बोट फिरलं आणि लाल झालं. खाणी बंद होऊन इतकी वर्षं झाली, आंब्याची पानं केव्हाच हिरवी झाली, पण लाकडाच्या भेगेतून ही धूळ काही गेली नव्हती. जवळून पाहिलं तर ती निव्वळ लाल नसते. तिच्यात पोलादासारखी काळसर चमक असते. सुमंगला दिव्याखाली बोट धरून ती चमक बघत राहिली आणि चहा उतू गेला.

जयवंत असाच यायचा. तिचा नवरा खनिजाचा ट्रक चालवायचा. दिवेलागणीला दारात उभा राहिला की माणूस कळायचा नाही. केस लाल, भुवया लाल, पापण्यांचे केससुद्धा लाल. नाकातोंडात धूळ जाऊ नये म्हणून दिवसभर रुमाल बांधलेला असायचा. तो सोडला की नाकाच्या मध्यापासून खालचा चेहरा तेवढा स्वच्छ, गव्हाळ. वरचा माणूस खाणीचा आणि खालचा घरचा, असं तो दोन तुकड्यांत घरी यायचा. ती न्हाणीतल्या चुलीवरच्या भाणात पाणी तापवून ठेवायची. तो पाटावर बसायचा आणि ती तांब्याने पाणी घालायची. आधी कानामागे, मग मानेवर, मग पाठीवर. पाणी लाल वाहत जाऊन न्हाणीमागच्या माडाच्या मुळाशी जिरायचं. पाणी साफ उतरू लागलं की तो म्हणायचा, "इलंय गो घराक." घरी आलो, हे तो रोज म्हणायचा, आणि रोज तिला ते बरं वाटायचं.

खाणी थांबल्यावर तो सोप्यावर बसून राहू लागला. अंगावर धूळ नाही, हाताला काम नाही. खोकला मात्र थांबला नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्याला हॉस्पिटलात नेलं ते नेलंच. मग दिराचा फोन आला. प्रेत घरी आणायचं नाही, असा तेव्हा नियमच होता. तिकडच्या तिकडे सगळं उरकायचं. रडायच्याही आधी तिने विचारलं होतं, "न्हाणयल्यानी मां तेंका?" प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या माणसाला आंघोळ कोण घालणार?

तिला कळत नव्हतं असं नाही. तो गेला तेव्हा त्याच्या अंगावर धुळीचा कणही नव्हता. ट्रक सोडूनच वर्षं झाली होती. पण मनाला हे कोण सांगणार? तिच्या मनात तो तसाच लाल दारात उभा होता. पाणी तापून थंड होऊन गेलं होतं आणि त्याने अजून "इलंय" म्हटलं नव्हतं.

सकाळी तिने खाचेतली धूळ औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून नेली. मेलेल्याला तिने आधी साधा माणसाचा रंग दिला, गव्हाळ. कपडे खाकी. मग कोरड्या ब्रशने धूळ बसवली, केसांवर, भुवयांवर, कानाच्या पाळीत, बोटांच्या पेरांत. नाकाच्या मध्यावर मात्र ब्रश थांबवला. खालचं सगळं स्वच्छ ठेवलं. शेवटी डोळ्यांच्या कडा लाल केल्या. झोप न झालेल्या माणसाच्या असतात तशा.

शेजारच्या खुर्चीतल्या अंकिताने वाकून पाहिलं. ही पोरगीही सुर्ल्याचीच. एरवी तिच्या तोंडाला खळ नसायचा. आता मात्र तिने आपल्या मेजावरचा राक्षस उचलून उगीच पुन्हा खाली ठेवला.

दत्तप्रसादने त्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवला, आणि दुपारी तो दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.

"वयनी! फौज आमचीच! म्हणता, सगळे अशेच करा, एकूणएक!" मग मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "पण तो विचारता, अर्धो चेहरो फिको कित्याक? म्हणता, इतक्या भयानक त्याने आजून काय बघूक नाय. हो खंयचो शाप, असा विचारता."

"रुमाल," सुमंगला म्हणाली.

"काय?"

"धूळ जाव नये म्हणान तोंडाक बांधतत तो रुमाल. सोडल्यार तितकोच चेहरो साफ रवता."

दत्तप्रसादने त्या बोटभर माणसाकडे पुन्हा पाहिलं. अशी तोंडं खालच्या दुकानात त्याने लहानपणापासून पाहिली होती. टायर मागायला, क्लचप्लेट मागायला आलेली. त्याने मोबाइल खिशात घातला. "शापच लिवतंय," असं हळूच म्हणून तो खाली गेला. बिचारा आणखी काय लिहिणार होता?

काम मिळालं म्हणून सगळ्यांना वडे आणि चहा आला. सुमंगलाने आपला वडा कागदात गुंडाळून ठेवला. आपण घरातलं काहीतरी न विचारता बाहेर देऊन टाकलं, असं तिला वाटू लागलं. आणि ते परत मागायची सोय नव्हती.

मग रोज तेच. बाकीच्या बायका गव्हाळ आणि खाकी रंग भरून द्यायच्या. धूळ मात्र सुमंगलानेच लावायची. धुळीला तोटा नव्हता. बंद पडलेल्या खाणीच्या कुंपणालगत पाहिजे तेवढी होती. तीच ती फडक्यातून चाळून आणायची. सकाळी मेजाशी बसलं की समोर माणसांची रांग, आणि संध्याकाळपर्यंत ती सगळी कामावरून सुटून आल्यासारखी लाल. आधी प्रत्येकाच्या कानात धूळ भरताना तिचा ब्रश थबकायचा. पुढे पुढे नुसती पाठ दुखायची. एका दुपारी पंख्याखाली डुलकी लागता लागता तिच्या ध्यानात आलं, की सकाळपासून आपल्याला जयवंतची आठवणच झाली नाही. नुसती भुवई, कान, पेर, भुवई, कान, पेर. ती दचकून जागी झाली. या हातांनी आपण त्याला पुसून तर टाकत नाही ना, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

"मावशी," अंकिता एकदा खाली मान घालूनच म्हणाली, "आमचे पप्पा अशेच येयत. आई आमका जवळ जावक देय नाय. म्हणे, न्हावंदेत आधी, मगे तुमचे पप्पा."

सुमंगलाने ब्रश खाली ठेवला. "आता खंय असतत?"

"फोंड्याक. वॉचमन. आता पांढरो शर्ट घालतत." अंकिता हसली. "मगे ते माका पप्पाच वाटनत नाय."

फौज पुरी झाली त्या दिवशी दत्तप्रसादने खालच्या शटरसमोर वर्तमानपत्रं पसरली आणि वार्निशचे डबे आणून ठेवले. फवारा मारला की रंग पक्का. मग हाताळा, आपटा, पाण्यात बुडवा, काही होत नाही.

"ही धूळ आता जल्मात निघाची नाय, वयनी," तो खुशीत म्हणाला. "शंभर वर्सां गेली तरी अशीच."

सुमंगला जिन्यातच थांबली. जन्मात निघणार नाही. ही सगळी माणसं अशीच दारात उभी राहणार, आणि परक्या देशात, परक्या मेजावर, कुणीतरी त्यांना शाप म्हणणार.

ती परत वर गेली. एक माणूस अजून बुचावर होता. फावडंवाला, खांदे पडलेला, मान जराशी डावीकडे कललेली. चहाच्या किटलीत गरम पाणी होतं. तिने ते ब्रश धुवायच्या पेल्यात ओतलं, वरून थोडं गार घातलं आणि करंगळी बुडवून पाहिली. मग सगळ्यात मऊ ब्रश घेतला आणि आधी कानामागे पाणी लावलं. मग मानेवर. मग पाठीवर. लाल पाणी त्याच्या खाकी शर्टावरून ओघळलं. तिने ते फडक्याने टिपून घेतलं. केस धुतले, भुवया धुतल्या. पापण्या इतक्या बारीक होत्या, की ब्रशचं नुसतं टोक टेकवावं लागलं. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. पलीकडे अंकिता बघत होती. अंकिताने आपली खुर्ची मध्ये सरकवून दाराकडे पाठ केली, म्हणजे आत येणाऱ्याला एकदम काही दिसू नये. पाणी साफ उतरू लागेपर्यंत सुमंगला थांबली नाही.

कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा एका रंगाचा झाला. साधा, दमलेला, घरी आलेला माणूस. सुमंगलाचे डोळे भरून आले, आणि तिने ते येऊ दिले. मग पदराच्या टोकाने तिने त्याचं तोंड कोरडं केलं.

दत्तप्रसाद शेवटचा माणूस न्यायला वर आला. त्याने तो फावडंवाला उचलला आणि उजेडाकडे फिरवून पाहिला.

"वयनी, हो एक रवलो. धूळ लावूक विसरल्यात."

"नाय रवूक," सुमंगला म्हणाली. "न्हालो तो."

एरवी दत्तप्रसाद ही माणसं डोक्याला धरून, मुळ्यासारखी उचलायचा. याला मात्र त्याने पायाखालचं बूच धरून खाली नेलं.

सुमंगलाने पेला उचलला. मोरी बाजूलाच होती, पण ती तिकडे गेली नाही. जिना उतरून, फवाऱ्याच्या वासातून, लाल माणसांच्या रांगेवरून पाय जपून टाकत ती मागच्या आवारात आली. तिथे कुंपणाला लागून एक माड होता. वाकून तिने त्याच्या मुळाशी पेला हळूहळू उपडा केला. पाणी अजून कोमट होतं.