रकान्यातला नंबर

आमच्या घरात एक खोड आहे. कुठलाही फॉर्म भरताना फोन नंबराचा रकाना आला की सगळ्यांचा हात आपोआप दादाचा नंबर लिहितो. गॅसचा असो, दवाखान्याचा असो, शाळेचा असो. दादा थोरला, दादाला कळतं. मी तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून पैसे जमवले, माझ्या नावावर खातं काढलं, आणि कार्डाच्या फॉर्मवर कुणाचा नंबर लिहिला? माझ्या भावाचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लेकीकडे परदेशात आले ती कार्डाच्या जिवावर. बसमध्ये चाललं, दुकानात चाललं, मशीनवर पिन दाबला की झालं. दर वेळी दादाला तिकडे मेसेज जायचा आणि संध्याकाळी त्याचा फोन यायचा. काय गं, आज कॉफी प्यायलीस वाटतं! मी आपली हसायचे. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मी परत निघायच्या दिवशी सकाळी जावई कामावर गेला आणि लेकीनं बाही वर केली. दंडावर बोटं उमटलेली, जुन्या डागांवर नवी. महिनाभर मी त्या घरात राहिले, त्या माणसाला गरम गरम वाढलं, आणि मला पत्ता नाही! पासपोर्ट कुठाय, एवढंच विचारलं. तो तिनं पिठाच्या डब्यात लपवला होता. तिचं कार्ड नवऱ्यानं कधीच काढून घेतलं होतं. एक बॅग भरली आणि तिला हाताला धरून तिकिटांच्या दुकानात नेलं. माझ्याच दुपारच्या विमानात जागा होती.

दुकानातल्या बाईनं माझ्या कार्डाचे आकडे कॉम्प्युटरवर भरले आणि ओटीपी मागितला. तो गेला दादाकडे.

दुकानाच्या वायफायवरून दादाला फोन लावला. तिकीट कुणाचं, त्यानं विचारलं. मी मूर्खासारखं खरं सांगितलं. झालं, त्याच्या अंगात घरचा कर्ता संचारला. संसारात भांड्याला भांडं लागतंच म्हणे. मी आगीत तेल ओतू नये म्हणे. दंडाचं सांगितलं, तर म्हणाला, जावयाला फोन करतो, तो येऊन तिला घेऊन जाईल, तुम्ही कुठल्या दुकानात आहात?

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"दादा, पैसे माझे आहेत."

"पैशाचं कोण बोलतंय? पोरगी परत आली तर लोक काय म्हणतील?"

आणि फोन ठेवला. आयत्या बिळावरचा नागोबा मेला! सुया बोटांत घुसल्या त्या माझ्या, आणि फणा काढून बसलाय हा.

"आई, राहू दे. जाते मी परत," लेक म्हणाली. मला तिचाही राग आला. गप बस म्हटलं आणि त्या बाईला पुन्हा आकडे भरायला लावले. आता चुकलं तर बँक कार्ड बंद करेल, असं ती सांगत होती. मी पुन्हा दादाला फोन लावला.

उचलला वहिनीनं. दादा आतल्या खोलीत जावयाच्या नंबरासाठी डायरी शोधत होता. सगळ्या घराला ज्याचं फोनमधलं कळतं, त्याला नंबर साठवता येत नाही. वहिनी नवऱ्याच्या शब्दाबाहेर कधी गेलेली नाही.

"सगळं ऐकलंय मी. लिहून घ्या, वन्सं," ती हळूच म्हणाली, आणि एकेक आकडा सांगू लागली. मी लेकीला सांगत होते, लेक त्या बाईला. चौथ्या आकड्याला मागून दादाचा आवाज आला. कुणाशी बोलतेस, फोन दे इकडे. वहिनीनं पाचवा सांगितला.

मग फाडकन आवाज आला. दादा माझा सख्खा भाऊ, पण तो आवाज कसला ते मला लगेच कळलं.

"सात," वहिनी म्हणाली. आता मोठ्यानं. "शेवटचा सात आहे, वन्सं."

फोन बंद झाला. प्रिंटर सुरू झाला. लेकीनं तिकीट हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहून घाबरली. काय झालं, आई, आपण घरी जातोय ना?

"घरी नंतर," मी म्हटलं. "उतरलो की आधी वहिनीला आणायचं."