पुडीची घडी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबांनी शिंपीणबाईच्या पोटावर तळहात फिरवला आणि हां हां म्हणता मुठीतून लालभडक गोळा वर काढला. ना चीर, ना टाका.

"डॉक्टर पोट फाडतात, आम्ही पीडाच उपटतो!" बाबा गरजले. गर्दीने हात जोडले. पहिल्या रांगेत शिंपीणबाईची थोरली बहीण डोळे पुसत होती. तिनेच हिला इथे आणलं होतं.

अवेळी जाणाऱ्या रक्ताने शिंपीणबाई मेटाकुटीला आली होती, मशीनवर बसायचीही सोय राहिली नव्हती. बाबांची मंतरलेली पूड सुरू केली आणि रक्त खरोखर थांबलं. पूड संपली तसं दुप्पट सुरू झालं. "श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले. बिचारी स्वतःलाच दोष देत नव्या पुड्या घेऊन आली.

एक दिवस चक्कर येऊन पडली, तेव्हा नवऱ्याने दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीने तपासायचं ठरवलं. टोकाला कॅमेरा असलेली बारीक नळी खालच्या वाटेने गर्भाशयात गेली, कुठेही कापाकापी नाही. शिंपीणबाई जागीच होती. पडद्यावर गुलाबी भिंत दिसली आणि तिला देठाने लोंबणारा मांसाचा कोंब.

"हा बघा चोर. काढून तपासायला पाठवू."

"पण तो तर बाबांनी काढला."

"मग हा कुणाचा?"

"आणि रक्त थांबलं ते?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडची पुडी उघडली. राखेत पांढरे कण होते आणि मधे रेघ असलेला गोळीचा तुकडा. "पाळी लांबवायच्या गोळ्या कुटलेल्या दिसतात. त्या पोटात असेपर्यंत रक्त थांबतं."

शिंपीणबाईचं लक्ष मात्र कागदावर होतं. एक बाजू मुडपून कोपरा आत खोचलेला. अशी घडी फक्त ताई घालायची. औषधाच्या दुकानात तिचा सारा जन्म पुड्या बांधण्यात गेला होता.

"तो गोळा काय होता, ताई?" घरी आल्यावर तिने विचारलं.

"स्पंज. रंगात भिजवलेला. मुठीत लपवतात."

"आणि गोळ्या तू दिल्यास."

ताईने मान खाली घातली. "तिथे मला पहिल्या रांगेत बसवतात गं. एरवी मला कोण विचारतं?"

"मी विचारत होते. लहानपणापासून तू दिलेलं औषध डोळे मिटून घेत आले." तिला रडूही येईना.

कोंब निघाला, तपासणीत वावगं काही आढळलं नाही, रक्त आटोक्यात आलं. ताईशी बोलणं मात्र तुटलं ते तुटलंच. आता कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगते, "अवेळी रक्त जात असेल तर लाजू नका, डॉक्टरला दाखवा. आणि पुडी सख्ख्या बहिणीने दिली तरी आत काय आहे ते आधी विचारा."