‘येतो’ ऐकणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, तिसऱ्या मजल्यावरचा, आणि स्वभावाने जरा कुरकुरा. सुताराने मला जीव लावून घडवलं होतं. मग भाडेकरू बदलत गेले. प्रत्येकाने आपल्या आवडीचा रंग फासला, पण बिजागऱ्यांना तेल घालायचं कुणाला सुचलं नाही. कुरकुरू नको तर काय करू?

तेल घातलं ते आजोबांनी. ते दूर देशाहून आपल्या मुलाकडे राहायला आले होते. बाहेर पडताना माझ्या कडीवर हात ठेवून हाक द्यायचे, “येतो गं!” आतून नात ओरडायची, “या!” ते ऐकल्याशिवाय त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ही त्यांची रीत.

इथली भाषाही ते शिकले, तोडकीमोडकी. समोर एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचे, इथलेच. पहिल्यांदा त्यांच्याकडून निघताना आजोबांनी ‘येतो’चं सरळ इथल्या भाषेत भाषांतर केलं. झालं! ड्रायव्हरकाकांना वाटलं, हे आत्ता परत येणार. बिचारे चहा ठेवून, दार उघडं टाकून बसले. उलगडा झाल्यावर दोघंही पोट धरून हसले. तेव्हापासून काकाही आमच्याकडून निघताना ऐटीत म्हणायचे, “येटो!”

नात शाळेत जाऊ लागली. तिच्या बोलण्याला मुलं हसायची आणि ती रडत घरी यायची. एके दिवशी तिचे बाबा आजोबांना म्हणाले, “बाबा, आता घरातही इथलीच भाषा बोलूया. नाहीतर पोर मागे पडेल.”

“बरं,” आजोबा म्हणाले.

मुलगा वाईट नव्हता हो. पोरीसाठी त्याचा जीव तुटत होता. पोर भराभर शिकली, तिला मैत्रिणी मिळाल्या, घर खूश झालं. पण “या” बंद झालं. आजोबा “येतो” म्हणायचे आणि कडी धरून थोडं थांबायचे. मग हळूच निघायचे. मला फार वाईट वाटायचं, पण दरवाजाने बोलायचं कसं?

एका दुपारी त्यांना स्ट्रेचरवरून दवाखान्यात न्यायला माणसं आली. आजोबांनी माझी चौकट घट्ट धरली. “येतो गं, बाळा.”

नातीला आज त्यांच्याच भाषेत बोलायचं होतं. तिने खूप आठवून पाहिलं, पण शब्द सापडेना. शेवटी रडतरडत म्हणाली, “जा, आजोबा.”

आजोबा मात्र हसले. “‘या’ म्हणायचं गं,” एवढं बोलून त्यांनी हात सोडला. ते परत आलेच नाहीत.

काही दिवसांनी ड्रायव्हरकाका भेटायला आले. निघताना सवयीने बोलून गेले, “येटो.”

“या!” नात ओरडली. आणि माझ्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

मित्रांनो, जिथे राहाल तिथली भाषा शिका, तिथलेच होऊन राहा. पण त्यासाठी घरातला शब्द घराबाहेर काढू नका. कुणी “येतो” म्हणालं, तर हातातलं काम सोडून “या” म्हणा. तेवढ्यासाठी कडी धरून थांबलेला माणूस मी रोज पाहिला आहे.