तीन वर्षांच्या बोलीवरचा मोबाइल

मित्रांनो, आधी एक विनंती. माझ्या वरच्या कोपऱ्यातल्या तड्याकडे पाहून हळहळू नका. मी एक जुना मोबाइल आहे आणि तो तडा मी कष्टाने कमावलेला आहे. माझी बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी दम धरते, मग मी चार्जरच्या आधाराने बसून राहतो. पाठीवर वंगणाचे काळे ठसे आहेत. ते आता जाणार नाहीत, आणि खरे सांगायचे तर जाऊ नयेत असेच मला वाटते. एकेकाळी मी काचेच्या कपाटात दिव्याखाली उभा होतो आणि फार गुळगुळीत होतो. हे आता सांगितले तर कुणाला पटत नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या कितीतरी बायकांनी एकेक भाग जोडत मला पुढे सरकवले. प्रत्येकीच्या वाट्याला माझा एवढासा तुकडा आला, त्यामुळे माझी आई नेमकी कोण, हे मला आजही ठाऊक नाही. पेटीत बंद होण्याआधी माझ्या पोटात एक कुलूप घातले गेले. ते डोळ्यांना दिसत नाही. मी एकाच कंपनीच्या सिमकार्डावर चालावे आणि दुसऱ्या कुणाचे कार्ड घातले तर गप्प बसावे, असा त्या कुलपाचा अर्थ होता. म्हणजे जगात पाऊल टाकण्याआधीच माझे लग्न ठरवून टाकलेले होते.

दुकानात मी फार दिवस राहिलो नाही. एका सकाळी लिफ्ट दुरुस्त करणारे एक मिस्त्री बायकोला घेऊन आले. त्यांनी नुकतीच एका मोठ्या लिफ्ट कंपनीतली नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केले होते. लिफ्टमध्ये कुणी अडकले की लोक त्यांना फोन करणार, आणि फोन लागला नाही तर दुसऱ्या मिस्त्रीला बोलावणार. त्यामुळे त्यांना धूळ, पाणी आणि आपटणे सोसणारा फोन हवा होता. तसा मी होतो. पण माझी किंमत ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

काउंटरवरची मुलगी हुशार होती आणि मनानेही चांगली होती. तिला सगळे ताई म्हणत. ती म्हणाली, "काका, तीन वर्षांचा करार करा ना. आज थोडे भरा, बाकीचे दर महिन्याच्या बिलात जातील. फोन आत्ताच घरी न्या."

मिस्त्रींची बायको घरी लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. ताकही फुंकून पिणारी बाई. तिने विचारले, "आणि मध्येच सोडायचा झाला तर?"

"मग उरलेल्या महिन्यांचे पैसे एकदम भरावे लागतात, काकू. पण सोडायची वेळ येईलच कशाला?"

"अगं, आधी बघू तर दे मला," मिस्त्री बायकोला म्हणाले. त्यांनी मला तळहातावर तोलले, कानाशी धरून हलवले, नखाने टकटक केले. मग ताईला विचारून ते मला त्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये घेऊन गेले. दार लावले, वर गेले, खाली आले, तळघरात थांबले. चारही बाजूंनी लोखंड, तरी माझी रेंज भरलेली. त्यांचे समाधान झाले. दोर, ब्रेक आणि दाराचे रूळ तपासल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला लिफ्टमध्ये पाऊल टाकू दिले नव्हते, तसेच त्यांनी मलाही तपासले. कागद मात्र तपासायचा राहिला. त्याची अक्षरे बारीक होती आणि चष्मा घरी होता. सही झाली आणि मी त्यांच्या खिशात गेलो.

त्यानंतरचे दीड वर्ष म्हणजे माझ्या आयुष्यातला सुगीचा काळ. मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढलो, दोन्ही हात गुंतले की टॉर्च म्हणून मिस्त्रींच्या दातांतही धरला गेलो. असाच एकदा मी त्यांच्या तोंडातून निसटून लोखंडी जिन्यावर आपटलो आणि हा कोपरा तडकला. मिस्त्रींनी मला उचलून फुंकर घातली आणि "लागलं का रे?" असे विचारले. तोवर मला कुणी असे विचारले नव्हते.

त्यांची एक पद्धत होती. कुणी अडकले की ते फोन ठेवत नसत. मला वरच्या खिशात घालून, स्पीकर चालू ठेवून ते पायीच झपझप निघत आणि वाटभर बोलत राहत. "आज जेवायला काय केलंय? मुलगी सुट्टीत येणार आहे का? भिंतीला टेकून उभ्या राहा, लिफ्ट अशी पडत नसते, मी आलोच." ते म्हणत, अडकलेल्या माणसाला मिस्त्री नंतर लागतो, आवाज आधी लागतो. मी तो आवाज पोहोचवत होतो. मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटायचा.

मिस्त्री इमारतींशी देखभालीचा करार करत, तोही तीन वर्षांचा. त्याचा मसुदा त्यांनी जुन्या कंपनीच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवला होता, माझ्याच पडद्यावर, एका बोटाने. इमारतीने मध्येच सोडले तर उरलेल्या काळाचे पैसे द्यायचे, असे त्यातही होते. "सगळे असंच लिहितात," एवढेच ते म्हणाले. पहिला करार कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीशी झाला. तिथे चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची. नवख्या माणसाला काम देऊन तर बघा, अशी शेजाऱ्यांची समजूत त्यांनीच घातली होती. पुढे ज्या इमारती मिळाल्या, त्याही त्यांच्याच शब्दावर मिळाल्या.

आणि मग एके दिवशी मिस्त्रींच्या घरासमोरच्या छतावरचा टॉवर उतरवला गेला. छताच्या मालकाचे आणि कंपनीचे काहीतरी फिसकटले होते म्हणे. टॉवर खाली आला आणि घरातली माझी रेंज गेली. रस्ता ओलांडला की मी ठणठणीत, घरात शिरलो की मुका.

मिस्त्री मला घेऊन दुकानात गेले. ताईने सगळे नीट ऐकून घेतले. "खोटं कशाला बोलू, काका? तुमच्या भागातून रोज तक्रारी येतायत. पण सेवेत बदल करायचा हक्क कंपनीकडे आहे, असं करारात लिहिलंय."

"आणि माझ्याकडे कोणता हक्क आहे?"

ताईने कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. तिला तसे काही सापडले नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही तीन वर्षं राहणार, म्हणून तर फोन असा हातात मिळाला ना? सगळे सहा महिन्यांत सोडून गेले तर कंपनी तरी कुणाला फोन देईल?"

मित्रांनो, तिचे म्हणणे खोटे नव्हते. त्या कराराशिवाय मी मिस्त्रींच्या हाती आलोच नसतो. पण माझ्या मनातून एक गोष्ट जाईना. तीन वर्षांत टॉवर हलू शकतो, दर वाढू शकतात, कंपनीचा विचार बदलू शकतो. जागचे हलायचे नाही ते फक्त मिस्त्रींनी. दोघांची म्हणून बांधलेली गाठ एकाच्याच गळ्याशी आवळत असेल, तर तिला करार तरी कसे म्हणायचे, हे मला कळत नव्हते.

घरात शोधाशोध झाली. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीत, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, रेंजच्या दोन काड्या सापडल्या. तिथे खिळा ठोकून मला कापडी पिशवीत टांगण्यात आले. घंटा वाजली की मिस्त्री स्टुलावर चढायचे, मान बाहेर काढायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे. कुणाची लिफ्ट कुठे अडली, कुणी बिल थकवले, सासूबाईंचे गुडघे आता कसे आहेत, हे समोरच्या बिऱ्हाडांना तोंडपाठ झाले. समोरची एक आजी तर मधूनच आपले मतही द्यायला लागली. मिस्त्रींची बायको, म्हणजे माझी मालकीण, कपाळाला हात लावायची. "एवढी वर्षं घरातलं घरात ठेवलं, आणि या खिळ्यानं सगळं चव्हाट्यावर आणलं."

एका दुपारी वारा सुटला. इस्त्री केलेले कपडे उडायला लागले, म्हणून मालकिणीने मला काढून आत फडताळावर ठेवले आणि खिडकी लावून घेतली. तिचे काही चुकले नाही. लोकांचे कपडे धुळीत कसे पडू द्यायचे? नंतर मला परत टांगायचे राहून गेले. मिस्त्री जेवून आडवे झाले होते. त्याच वेळी कोपऱ्यावरच्या इमारतीत बाई भाजीची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या, आणि दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट थांबली. दिवाही गेला. त्यांनी मिस्त्रींना फोन लावला, पुन्हा लावला, लावतच राहिल्या. मी फडताळावर जागा होतो, पण माझ्यापर्यंत काहीही पोहोचत नव्हते.

दिवस कलल्यावर मला खिळ्यावर टांगले, तेव्हा चुकलेल्या कॉलचे निरोप एकामागून एक येऊन आदळले. पिशवी हलायला लागली. मिस्त्रींनी स्टुलावर उभ्या उभ्याच ते पाहिले आणि तसेच मला घेऊन धावले.

तळमजल्यावरच्या सुताराने पहारीने दार उघडून बाईंना केव्हाच बाहेर काढले होते. शेजारी जिन्यात जमले होते. बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या होत्या.

"मी रागावले नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलत राहता, हे ठाऊक होतं. म्हणून अंधारात फोन कानाशी धरून बसले होते. आणि पलीकडून ती मुलगी सारखी सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे."

सुतार म्हणाला, "मिस्त्री, राग मानू नका, पण आम्ही आता दुसरा माणूस बघतो."

ही इमारत गेली की बाईंच्या शब्दावर आलेल्या बाकीच्याही जाणार, हे मिस्त्रींना लख्ख दिसले. मी खिशात होतो, मला त्यांची धडधड ऐकू येत होती. घाबरलेल्या माणसाने करावे तेच त्यांनी केले. ते म्हणाले, "पण करार तीन वर्षांचा आहे. मध्येच सोडलात तर उरलेले पैसे भरावे लागतील."

मग बाईंनी विचारले, "म्हणजे तुमचा फोन लागला नाही तरी आम्ही बांधलेले. आणि तुम्ही कशाला बांधलेले?"

मिस्त्री जिना उतरले. ते घरी आले, तेव्हा मालकीण इस्त्री करत होती. बाई काय म्हणाल्या ते त्यांनी सांगितले. तिने इस्त्री उभी करून ठेवली. "आणि तुम्ही काय म्हणालात?" त्यांनी तेही सांगितले.

"म्हणजे दुकानातल्या ताईसारखंच बोललात," ती म्हणाली. "ती पोर निदान दुसऱ्याचा कागद वाचून दाखवते. तुमचा कागद तर तुम्हीच लिहिलाय."

मिस्त्रींनी चष्मा लावला, मला हातात घेतले आणि आपलाच करार पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. मग एका बोटाने खोडायला सुरुवात केली. महिनाभर आधी सांगून दोघांपैकी कुणालाही मोकळे होता येईल, असे त्यांनी लिहिले. अडकलेल्या माणसाचा फोन मिस्त्रींना लागला नाही, तर इमारत त्याच दिवशी मोकळी, आणि पैसे भरायचे नाहीत, असेही लिहिले. घाईत चुकीची अक्षरे फार उमटत होती. मी जमेल तेवढी सुधारून दिली.

"सगळेच मोकळे झाले तर?" मालकिणीने विचारले.

"तर मग मला नोकरी शोधावी लागेल," मिस्त्री म्हणाले. हे त्यांनी हसत सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक साधा बटणांचा फोन आणला. त्यात दुसऱ्या कंपनीचे कार्ड होते, आणि तो घराच्या कोनाकोपऱ्यात वाजायचा. तोच नंबर त्यांनी सगळ्या इमारतींना कळवला. दोन इमारती त्याच महिन्यात सोडून गेल्या. कोपऱ्यावरच्या इमारतीत बाईंनी नवा कागद जिन्यात उभे राहून मोठ्याने वाचला. सुतार खाली बघत ऐकत होता. वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता हवं तेव्हा जाता येतं ना? मग थांबून बघू या."

माझ्या कराराची मुदत मात्र उरलेली होती. ती मी खणात पडून काढली. माझे बिल दर महिन्याला भरले जात होते आणि काम तो बटणवाला करत होता. आयते खाणाऱ्याला जसे तोंड लपवावेसे वाटते, तसे मला वाटायचे. मुदत संपली त्या आठवड्यात कंपनीतून बटणवाल्यावर फोन आला. नवीन मोबाइल, नवीन करार, पुन्हा तीन वर्षे. मिस्त्रींनी शांतपणे विचारले, "टॉवर हलला तर मला सोडाल का?" पलीकडचा माणूस म्हणाला, "विचारून कळवतो." त्याने अजून कळवलेले नाही.

मग मिस्त्री मला ताईकडे घेऊन गेले आणि तिने माझ्या पोटातले कुलूप काढले. ते इतके पटकन निघाले की मला वाईटच वाटले. एवढ्याशा कामासाठी मी खणात पडून होतो. बटणवाल्याचे कार्ड माझ्यात आले आणि मी पुन्हा वाजू लागलो. आता मला कुणी बांधलेले नाही. मिस्त्रींना वाटेल तेव्हा ते मला टाकू शकतात. पण रोज ते माझी काच सदऱ्याला पुसतात आणि मला खिशात घालतात.

मित्रांनो, करार करू नका, असे मी म्हणणार नाही. गरजेच्या वेळी त्यानेच मला या घरात आणले. पण सही करण्याआधी चष्मा लावा, आणि समोरच्याला काय काय बदलता येईल आणि आपल्याला काय, हे एकदा विचारा. उद्या तुम्ही कागद लिहिणारे झालात, तर त्यात बाहेर पडायचे दार ठेवा. दार उघडे असूनही जे तुमच्याजवळ थांबतील, त्यांची काळजी घ्या. आणि माझ्यासारख्या जुन्या फोनला जमले तर अधूनमधून विचारा, लागलं का रे म्हणून.

काल दुपारी माझी घंटा वाजली. बाईंचा फोन होता. मिस्त्रींनी मला कानाशी लावले आणि पायात चपला सरकवल्या. "अडकलात का, बाई?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "लिफ्टमध्येच आहे, पण ती चाललीय. नुसतं बघत होते, लागतो का."

"लागतो," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी, आज जेवायला काय केलंय, असे विचारले, आणि चौथा मजला येईपर्यंत फोन ठेवला नाही.